मतपेटीपुढचा उखाणा

मालनबाईंच्या तोंडून नाव काही केल्या निघेना.

"नवऱ्याचं नाव काय?" दमयंतीने चौथ्यांदा विचारलं. ओसरीवर ती पाटावर बसली होती आणि पुढ्यात सूप पालथं घातलेलं होतं. सूप म्हणजे मतदानाच्या साहेबाचं टेबल.

"आमच्या घरातलं मानूस."

"अहो, नाव."

"आपले हेच की, बाई. वढ्याकडच्या मळ्याचे. तुमाला ठावं न्हाई का?"

"मला ठाऊक आहे. परवा टेबलामागे बसलेल्या साहेबाला ठाऊक नसणार. तो यादीत बघणार. गोरक्षनाथ अमुक अमुक, त्याची बायको. तुम्ही नाव सांगितलं नाहीत, तर म्हणणार, जा घरी."

मालनबाईंनी पदराचं टोक दातांत धरलं. मागे दाटीवाटीने बसलेल्या बायका खुसखुसल्या. शेवगावच्या पूर्वेकडच्या आठ गावांतल्या त्या बायका. नवऱ्याच्या जमिनीच्या साऱ्यावरून सरकारने त्यांना मताचा हक्क दिला होता आणि तो वापरायचा तर नवऱ्याचंच नाव उच्चारायची पाळी आणली होती. दमयंतीने महिनाभर गावोगाव हिंडून त्रेसष्ट जणी उभ्या केल्या होत्या. ज्वारीची काढणी ऐन भरात, तरी येतो म्हणाल्या. बाईंनी सांगितलं ना, मग झालं. शाळेतल्या बाईंचा शब्द म्हणजे त्या आठ गावांत मोडायचा नसतो, हे सगळ्यांनाच माहीत.

सदतीसच्या निवडणुकीत दमयंतीचा नवरा सुमंत एक्केचाळीस मतांनी पडला होता. का पडला, ह्याची कारणं नगरच्या लोकांनी वर्षभर चघळली. जात झाली, फितुरी झाली, समोरचे उमेदवार सूर्यभानराव ह्यांच्या जेवणावळी झाल्या. खरं कारण एकट्या दमयंतीला ठाऊक होतं, कारण ती त्या दिवशी बायकांच्या रांगेत होती. साहेबाने नाव विचारलं आणि एकेक बाई तोंडाला पदर लावून परत फिरली. पन्नासेक तरी असतील. त्यांच्यात दमयंतीही होती. समोर मोठे दीर बसलेले, त्यांच्यादेखत नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे जीभच टाळ्याला चिकटली. रात्री सुमंत पाहुण्यांपुढे म्हणाला होता, "माझी स्वतःची बायको मला मत देऊन आली नाही, तर लोकांना काय बोलू?" सगळे हसले. दोन वर्षांनी त्याने नगरला दुसरं लग्न केलं. नवी बायको, लीना, शिकलेली. चारचौघांत त्याला नावाने हाक मारते असं ऐकलं होतं.

"बाई, म्या एक बोलू का?" दगडाबाई म्हणाली. वयाने सगळ्यांत थोरली, आवाज भरड. "हळदीकुकवाला घेतोच की आमी नाव. उखान्यात घेतलं तर दोष न्हाई. सायबाला उखानाच घालू."

दमयंती तिच्याकडे बघतच राहिली. आपण इतकी वर्षं पोरींना शिकवतो आणि एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये.

"घ्या बघू, मालनबाई."

मालनबाईंनी डोळे मिटले. "चुलीवरच्या भाकरीला फुगा आला मोठा, गोरक्षनाथांचं नाव घेते, मताला न्हाई तोटा."

ओसरी हसण्याने दणाणली. मग काय, एकीपेक्षा एक. कुणी तिळाची रास आणली, कुणी बैलाच्या गळ्यातली घुंगरं आणली, आणि अवघड वाटणारी नावं बाजारातल्या फुटाण्यांसारखी भराभर बाहेर पडली.

"आन् तुमी कोन्ता घेनार, बाई?" दगडाबाईने विचारलं. "तुमीच पयल्या. उमेदवाराची बायकू."

"बघू तेव्हा," दमयंती म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. सोळा वर्षांची तिची मुलगी इंदू दारात उभी राहून बघत होती. आईला असं लाजताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

*

सुमंत पौषात येऊन गेला होता. सात वर्षांनी. मोटार वेशीपाशी सोडून चालत आला, म्हणजे लोकांना दिसावं. दोन खोल्यांच्या त्या घरात त्याने इकडेतिकडे पाहिलं. इंदूने चहा आणून ठेवला, नमस्कार केला.

"मोठी झाली," तो म्हणाला.

"मुली होतात मोठ्या."

"पैठणच्या स्थळाचं कुठवर आलं?"

"मुलगा चांगला आहे, तारखात्यात नोकरी आहे. त्यांचं एकच म्हणणं आहे. कन्यादानाला बाप बसला पाहिजे. टाकलेल्या बाईची मुलगी केली म्हणून त्यांना भाऊबंदांत उत्तरं देत बसायचं नाही."

सुमंतने चहा बशीत ओतला. केस विरळ झाले होते, बेचाळीसच्या तुरुंगवासाने गाल बसले होते. दमयंतीला त्याची कीव आली आणि त्या कीव येण्याचा रागही आला.

"पूर्वेकडच्या आठ गावांत मला पुरुषांची मतं नाहीत," तो म्हणाला. "सूर्यभानने ती बांधून ठेवलीत. नृसिंह त्याचा एजंट म्हणून बसणार आहे. माझा सख्खा थोरला भाऊ. वाटणीतल्या चार एकरांसाठी. बायकांची मतं मात्र मोकळी आहेत, आणि त्या तुझं ऐकतात."

"आणि इंदूचं?"

"निवडून आलो की वैशाखात बसतो पाटावर. असेंब्लीत गेलेला सासरा म्हटल्यावर पैठणकर तोंडातून शब्द काढणार नाहीत."

"आणि नाही आलात तर?"

"तर मला कुठल्याच मांडवात तोंड दाखवायला जागा नसेल, दमयंती. ती वेळ येऊ देऊ नकोस."

सौदा होता, सरळ. तो तिला कळला आणि तिने तो केला. पण खरं सांगायचं तर सौद्याच्या आधीच ती हरली होती. मतदारयाद्या होत होत्या तेव्हा, श्रावणात, त्याचं पत्र आलं होतं. दमयंती मराठी सातवी पास. लिहितावाचता येतं म्हणून तिला स्वतःच्या नावावर मत मिळालं असतं, मामलेदार कचेरीत नुसता अर्ज टाकायचा. अर्ज लिहूनही झाला होता. पत्रात लिहिलं होतं, 'तू वेगळा अर्ज करू नकोस, उगाच चर्चा होईल. माझं नाव शेवगावच्याच यादीत आहे. पत्नी म्हणून तुझं नाव मीच घालतो.' ते 'पत्नी म्हणून' तिने किती वेळा वाचलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक. अर्ज चुलीत गेला. पत्र ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत.

पुढे कार्यकर्त्यांनी तिला आठ गावांच्या याद्या आणून दिल्या. शेवगावचं पान तिने मागितलंही नाही. आपलं नाव आपण काय तपासायचं?

*

मतदानाच्या दिवशी अकरा गाड्या आल्या. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती, कपाळावर ठसठशीत कुंकू. मुलांच्या शाळेत मतदान होतं. पुरुषांची रांग पुढच्या दाराने, बायकांची मागच्या. सूर्यभानरावांची माणसं लिंबाखाली बसून त्या गाड्या मोजत होती आणि त्यांचे चेहरे पडत चालले होते.

आत टेबलामागे परगावचा तरुण साहेब, चष्मेवाला, घामेजलेला. एका बाजूला सुमंतचा एजंट, नगरहून आलेला एक ज्युनिअर वकील. दुसऱ्या बाजूला नृसिंह. दमयंती आत आली तशी त्याने मान खाली घातली. वाटणीचं भांडण भावाशी होतं. भावजयीला तो कधी वावगा शब्द बोलला नव्हता. सुमंत नगरला गेल्यावर पहिली दोन वर्षं धान्याचं पोतं त्याच्याच गाडीतून उतरत होतं.

"नाव?"

"दमयंती."

"नवऱ्याचं नाव सांगा."

उखाणा तयार होता. दोन दिवस मनात घोळवलेला, चांगला चार ओळींचा. मागे दारात मालनबाई, तिच्यामागे दगडाबाई, त्यांच्यामागे सगळी रांग कान टवकारून. समोर मोठे दीर. नऊ वर्षांपूर्वीचीच जागा. दमयंतीला वाटलं, उखाणा कशाला? सरळ घ्यावं. एकदा तरी.

"सुमंत वामन बोधेगावकर," ती स्पष्ट म्हणाली.

मागे बायकांनी श्वास आत ओढला. साहेबाचं बोट यादीवरून खाली सरकलं आणि थांबलं.

"हं. सुमंत वामन बोधेगावकर, वकील. यांची पत्नी..." त्याने चष्मा वर केला. "लीना सुमंत बोधेगावकर, वय एकोणतीस. लीनाबाई तुम्हीच ना?"

दमयंतीला आधी कळलंच नाही. साहेबाने चुकून खालची ओळ वाचली असेल असं वाटलं.

"पुन्हा बघा," ती म्हणाली.

त्याने पुन्हा वाचलं. मोठ्याने वाचलं, आणि मागचं दार उघडं होतं.

सुमंतच्या एजंटाने टेबलाखालून हात हलवला. "हो म्हणा, बाई," तो कुजबुजला. "त्या काही इथे येत नाहीत. हो म्हणून टाका."

साहेब नृसिंहकडे वळला. "तुम्ही ह्यांना ओळखता?"

नृसिंहने मान वर केली. असल्याच मतांना हरकत घ्यायला सूर्यभानरावांनी त्याला तिथे बसवलं होतं. त्याने हातातली यादी खाली ठेवली. मग साहेबाकडे न बघता म्हणाला, "ही सुमंतची बायको आहे. तेवढं मला माहीत आहे. माझी हरकत नाही." आणि आवाज उतरवून, "हो म्हण, दमयंती. मी काही बोलणार नाही."

ह्या घरात ज्याने आपल्याला टाकलं त्याच्यासाठी खोटं बोलायचं, आणि ज्याने त्याच्याशी वैर धरलं त्याने ते झाकायचं. दमयंतीला हसू येईल की रडू, सांगता येईना. एक 'हो' म्हटलं की संपलं. तिचं मत पडेल, मागच्या त्रेसष्ट जणींची पडतील, वैशाखात पाटावर बाप बसेल. इंदूच्या अंगावरची हळद तिला अक्षरशः दिसली. फक्त आपण लीना आहोत, असं म्हणायचं.

"नाही," ती म्हणाली. "मी दमयंती. लीनाबाई नगरला असतात."

"मग तुमचं नाव यादीत नाही, बाई."

"बरं."

ती वळली आणि मागच्या दाराने बाहेर आली. रांगेतल्या बायका दोन्हीकडे सरकल्या. कुणी काही विचारलं नाही, कारण विचारायचं उरलंच नव्हतं. दगडाबाई मागे वळून पुढच्यामागच्या बायकांना सांगत होती, ते दमयंतीला ऐकू आलं, "सवतीचं नाव घातलंय. बाईंचं न्हाईच."

शाळेच्या पायरीवर ती बसली. मालनबाई उंबऱ्यावर उभी होती, अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि तिच्याकडे बघत होती. हातातलं काम थांबवून, 'करू का?' असं विचारत बाईंकडे बघणाऱ्या पोरी असतात ना, तसं. मान हलवली असती तरी पुरलं असतं. 'जा' एवढंसुद्धा म्हणायची गरज नव्हती. दमयंतीने पदर सारखा केला आणि पायातल्या जोडव्यांकडे बघत राहिली.

आतून साहेबाचा आवाज आला. "नवऱ्याचं नाव?"

"आमच्यात घेत न्हाईत, सायेब," मालनबाई म्हणाली.

"उखाण्यात घ्या की," सुमंतचा एजंट घाईघाईने म्हणाला. "येतो ना तुम्हाला?"

"न्हाई बा. उखाना कुटला आमाला."

"गावच्या पाटलाला बोलावतो," साहेब म्हणाला. माणूस भला होता. "तो ओळख पटवील."

"कशाला त्यास्नी तरास? ज्वारी उबी हाय रानात." मालनबाई बाहेर आली, दमयंतीजवळून गेली आणि गाडीत जाऊन बसली.

मग दगडाबाई. तिने तर कपाळाला हात लावला, म्हातारपणात आठवत नाही म्हणाली. मग तिसरी. मग चौथी. परवा ओसरी डोक्यावर घेणाऱ्या त्या बायका, एकामागून एक टेबलापर्यंत जात होत्या, ओठ मिटून उभ्या राहत होत्या आणि परतत होत्या. कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. लांब गावांच्या काहीजणी नुसत्या रांगेतूनच गाडीकडे वळल्या.

एजंट धापा टाकत पायरीपाशी आला. "बाई, एक शब्द बोला त्यांना. अजून वीसपंचवीस आहेत. एक शब्द."

"मी इथली मतदार नाही," दमयंती म्हणाली. "मतदानाच्या जागी मी काय बोलणार?"

दुपारच्या आत अकराही गाड्या धूळ उडवत पूर्वेकडे गेल्या. नृसिंह बाहेर येऊन तिच्याजवळ क्षणभर थांबला. त्याचा उमेदवार जिंकणार होता आणि त्याचा चेहरा मात्र प्रेताला खांदा देऊन आल्यासारखा होता. "घरी सोडू का?" त्याने विचारलं. ती नको म्हणाली.

*

सुमंत एकोणीस मतांनी पडला.

चौथ्या दिवशी तो आला. ह्या वेळी मोटार दारापर्यंत. आत बसला नाही.

"एकोणीस," तो म्हणाला. "आणि तुझ्या त्रेसष्ट."

"यादीत कुणाचं नाव होतं?"

"फॉर्म लीनाने भरला. दहा कागद होते, मी सह्या करत गेलो. एवढ्याशा चुकीसाठी तू मला बुडवलंस? नऊ वर्षं, दमयंती. तुरुंगात गेलो ते धरून नऊ वर्षं ह्या एका जागेसाठी घालवली मी."

"मला पत्र लिहिलं होतंत, ते आठवतं?"

"काय लिहिलं होतं?"

तो खरंच विसरला होता. ते बघून दमयंतीचा राग कुठल्या कुठे गेला आणि तिथे काहीच उरलं नाही. ट्रंकेतून पत्र काढून दाखवावं असंही वाटलं नाही.

"काही नाही," ती म्हणाली. "वैशाखाचं काय?"

"तुला मी सांगितलं होतं," सुमंत म्हणाला आणि मोटारीत बसला. दाराआड इंदू उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. कदाचित दिसलीच नसेल.

नृसिंह आपणहून पैठणला जाऊन आला. बाप नाही तर थोरला चुलता पाटावर बसेल, शास्त्राला चालतं, असं त्याने सांगून पाहिलं. मुलाच्या वडिलांनी त्याला जेवू घातलं, हातावर पानसुपारी ठेवली आणि म्हणाले, तुमच्या घरात एकमेकांत इतकं असताना आमचा मुलगा त्यात कशाला?

त्यानंतर आठ दिवस इंदू आईशी बोलली नाही. स्वयंपाक करायची, पाणी भरायची, शाळेच्या वह्या तपासायला आईला दौत आणून द्यायची. बोलायची नाही. दमयंतीनेही बोलायला लावलं नाही.

नवव्या दिवशी मालनबाई आली. टोपलीत नवी ज्वारी, वर फडकं. ओसरीवर टेकली आणि बराच वेळ बोटाने जमिनीवर रेघा मारत बसली.

"पोरीचं मोडलं म्हनं," ती म्हणाली.

"हो."

"आमच्यापायी."

"तुमच्यापायी कशाला? मत द्या म्हणून मीच शिकवलं होतं. देऊ नका असं मी कुणाला सांगितलं? मी एक शब्दही बोलले नव्हते, मालनबाई."

"तेच की, बाई," मालनबाई म्हणाली. "म्या उंबऱ्यावर थांबले हुते. लई येळ थांबले. एक शब्द बोलला असता, तर आमी त्रेसष्ट जनी गेलो असतो. न्हाई बोलला, तवा आमी समजलो."

मालनबाईने ज्वारी पायलीने मोजून कोपऱ्यात ओतली, रिकामी टोपली काखेला मारली आणि गेली.

इंदू आतल्या दारात उभी होती. हातात दौत. आठ दिवसांनी तिचा आवाज निघाला आणि तो अगदी शांत होता.

"तुला माहीत होतं? त्या थांबल्या होत्या ते?"

नाही म्हणता आलं असतं. मान खाली होती, दिसलं नाही, असं सांगता आलं असतं, आणि पोरीने ते मानूनही घेतलं असतं. पण एकदा त्या टेबलापुढे खरं बोलून झालं होतं.

"होतं," दमयंती म्हणाली.

इंदूने दौत आईजवळ ठेवली, वह्यांच्या शेजारी, सांडणार नाही अशी नीट. मग ती आत गेली आणि तिने कोपऱ्यातली ज्वारी निवडायला घेतली.